स्तोत्रसंहिता : वैयक्तिक प्रार्थना
जुन्या करारातील 150 स्तोत्रे स्वतःची विनंती म्हणून, मनन करीत म्हणण्याची ख्रिस्ती उपासनापद्धती. एकेका ओळीवर थांबून भक्त तिच्यात आपले दुःख, पाप, कृतज्ञता देवापुढे मांडतो. पश्चात्तापासाठी 51 वे, भयाच्या वेळी 23 वे स्तोत्र विशेष प्रिय. 22 व्याचे प्रारंभीचे शब्द येशूने क्रुसावर उच्चारले. तक्रारीलाही येथे प्रार्थनेचे स्थान आहे, आणि हेच या पद्धतीचे खरे बळ. अभंगातील आर्तता जाणणाऱ्या मराठी मनाला ती परकी वाटली नाही; ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांनी ख्रिस्तभक्ती अभंगांतच गायिली. पंडिता रमाबाईंनी (1858–1922) हिब्रू व ग्रीक शिकून केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये या स्तोत्रांसह संपूर्ण बायबलचा सोप्या मराठीत अनुवाद केला.