पाच काडतुसे आणि पाच हजार काडतुसे

कॉलेजात असताना मी एनसीसीत होतो. वर्षभर कवायत करायची, बुटांना पॉलिश करायचे, आणि मग एके दिवशी गोळीबाराची पाळी यायची. त्या दिवशी प्रत्येकाच्या वाट्याला मोजून पाच काडतुसे. पहिली गोळी मी डोळे मिटून झाडली. दुसरी कुठे गेली ते माझे मलाच कळले नाही. तिसरीपासून हात जरा स्थिर होऊ लागला, आणि नेम म्हणजे काय हे उमजते न उमजते तोच पाचही संपल्या! पुढच्या वर्षापर्यंत हात पुन्हा पहिल्यासारखा अडाणी. वाचकांपैकी जे शिक्षक आहेत त्यांना हे निराळे सांगायला नको. पाच ओळी गिरवून कुणाचे अक्षर वळणदार झाले आहे?

त्या रायफलीला आम्ही ‘पॉइंट टू-टू’ म्हणत असू. नळीचे भोक इंचाच्या शंभर भागांपैकी बावीस भाग रुंद, म्हणजे जवळजवळ साडेपाच मिलिमीटर. ज्वारीच्या टपोऱ्या दाण्याहून थोडी मोठी अशी तिची गोळी. ह्या एवढ्याशा गोळीने आणि तिच्या पिस्तुलांनी सामान्य माणसाला नेमबाजी परवडेल अशी कशी केली, ती हकीकत आज सांगायची आहे. ती मुख्यतः युरोप-अमेरिकेत घडली. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे असले पिस्तूल परवान्याशिवाय बाळगता येत नाही, तेव्हा हे वाचून कुणी बाजाराला निघू नये!

ठासणीची बंदूक जुन्या माणसांनी पाहिलेली असते. दारू ठासायची, गोळी घालायची, आणि मागे तांब्याची छोटी टोपी बसवायची. घोडा टोपीवर आपटला की तिच्यातला मसाला पेट घेतो आणि दारू उडते. पॅरिसमधल्या लुई निकोला फ्लोबेर नावाच्या कारागिराने १८४५ साली एक साधी गोष्ट केली. त्याने ह्या टोपीच्याच तोंडात एक बारीक गोळी बसवून दिली. दारू नाहीच, टोपीतल्या मसाल्याच्या जोरावरच गोळी सुटायची. आवाज थोडा, धूर थोडा. पॅरिसचे हौशी लोक जेवणे झाल्यावर दिवाणखान्यात निशाण टांगून नेम धरू लागले. खेळणेच म्हणा ना.

खेळण्याचे हत्यार झाले ते अमेरिकेत. १८५७ साली होरेस स्मिथ आणि डॅनियल वेसन ह्या जोडीने सात गोळ्यांचे एक लहान रिव्हॉल्व्हर बाजारात आणले. त्याच्या काडतुसात टोपी, दारू आणि गोळी हे सारे एकाच नळकांड्यात बसवलेले होते. पुढे १८८७ मध्ये स्टीव्हन्स कंपनीने त्याच काडतुसाला लांब नळकांडे आणि वजनदार गोळी दिली. ह्या गोळीचे वजन चाळीस ग्रेन. आपल्या सोनाराच्या काट्यावर पाव तोळ्याहूनही थोडे कमीच भरेल. ‘लाँग रायफल’ हे तिचे नाव. पण मौज अशी की, पिस्तुलातही तीच चालते. आज जगभर नेमबाजी शिकणारे लोक जी गोळी झाडतात ती हीच.

आता ती स्वस्त का, हे पाहू. मोठ्या काडतुसाच्या बुडाशी मधोमध टोपी बसवलेली असते. ह्या लहान काडतुसाला वेगळी टोपी नाही. बुडाची कड आतून पोकळ ठेवून तिच्यातच मसाला भरलेला असतो. पिस्तुलाची टाचणी त्या कडेवर बसते, कड चेपते आणि मसाला पेटतो. कड चेपली जावी म्हणून पितळ पातळ ठेवावे लागते, आणि पितळ पातळ म्हणून आत दारूही बेताचीच घालावी लागते. म्हणजे काडतुसाचा हा दुबळेपणाच. पण त्यामुळेच त्याला पितळ थोडे लागते, शिसे थोडे लागते, दारू चिमूटभर लागते आणि घडवायला खटाटोप कमी पडतो. एकदा उडवले की नळकांडे फेकून द्यायचे. मोठ्या काडतुसासारखे ते पुन्हा भरता येत नाही. तरीही हिशेब त्याच्याच बाजूने राहिला.

पैशाखेरीज दुसरा फायदा शिकणाऱ्याचा. मोठे पिस्तूल उडाले की हाताला हिसका बसतो आणि कानठळ्या बसतात. दोन-चार वेळा असे झाले की मन आधीच भिऊन राहते, चाप ओढण्यापूर्वीच मनगट दचकते आणि गोळी खाली जाते. ही दचकण्याची खोड एकदा लागली की मोडणे फार कठीण. बारीक गोळीला हिसका नसल्यासारखाच. मात्र एक गोष्ट विसरू नये. हीच गोळी मैलाहूनही लांब जाऊ शकते आणि माणसाचा जीवही घेऊ शकते. निशाणामागे मातीचा भक्कम बांध हवाच.

ह्या गोळीचे शिक्षणातले मोल सरकारांना पटायला एक युद्ध व्हावे लागले. १८९९ ते १९०२ ह्या काळात दक्षिण आफ्रिकेत बोअर शेतकऱ्यांनी इंग्रज फौजेला नेमबाजीत चांगलेच पाणी पाजले. त्या युद्धाचे सेनापती लॉर्ड रॉबर्ट्स (हे गृहस्थ जन्मले आपल्या कानपुरात) मायदेशी परतल्यावर लोकांनी नेमबाजी शिकावी असा प्रचार करू लागले. कामगारांसाठी गावोगाव क्लब निघाले. मैदान नसले तर एखाद्या लांब खोलीत, लहान अंतरावर, लहान काडतुसांनी सराव. लष्करानेही सरावासाठी बारीक नळीच्या रायफली घेतल्या. आमच्या एनसीसीतली रायफल ह्याच घराण्यातली. घराणे मोठे, पण काडतुसे पाचच!

पिस्तूल हे रायफलीपेक्षा अवघड. रायफलीला खांद्याचा टेकू असतो. पिस्तूल एका हातात धरून तो हात लांब करायचा, नळी वीतभर लांबीची, आणि टोकावरची माशी जरा हलली की निशाणावर वितीची चूक. म्हणून पिस्तूल शिकणाऱ्याला काडतुसे फार लागतात. आठवड्याला शंभर धरली तरी वर्षाची पाच हजारांवर जातात. पिस्तूल एकदाच घ्यायचे. काडतुसांचा खर्च मात्र कायमचा. अमेरिकेतल्या स्पर्धांत पंचेचाळीस नंबरचे लष्करी पिस्तूलही चालवावे लागे, आणि त्याची गोळी सव्वा तोळ्याची. बारीक पिस्तुलावर हात बसवायचा आणि मोठे मोजकेच उडवायचे, हीच तिथल्या साध्या नेमबाजाची रीत झाली.

मग कोणते घ्यायचे? १९३० च्या सुमारास त्याच्यापुढे तीन वाटा होत्या. पहिली, एका वेळी एकच गोळी भरायचे पिस्तूल. दुसरी रिव्हॉल्व्हरची, स्मिथ आणि वेसन यांचे ‘के-ट्वेंटीटू’ १९३१ साली निघाले, ते फार नेमके. तिसरी, आपोआप पुढची गोळी भरणारे पिस्तूल. त्यात कोल्ट कंपनीचे, जॉन ब्राउनिंग यांच्या रचनेचे, १९१५ पासूनचे पिस्तूल नावाजलेले. १९२७ मध्ये त्याला ‘वुड्समन’ हे नाव मिळाले. देखणे, हातात नीट बसणारे. पण पोलाद कोरून, घासून घडवलेले, म्हणून महाग. जुने घेणाऱ्याला आणखी एक पेच होता. १९३२ पूर्वीची ही पिस्तुले जोरदार नव्या काडतुसांसाठी बनवलेलीच नव्हती. त्या वर्षी कारखान्याने मागचा भाग मजबूत केला. हे ठाऊक नसले की स्वस्तातला सौदा महागात पडायचा.

माझे मत विचाराल तर नवशिक्याने एका गोळीच्या पिस्तुलावर शिकावे. दुसरी गोळी भरायला वेळ लागतो, आणि तेवढ्यात पहिली का चुकली ह्याचा विचार होतो. पण गिऱ्हाईक काही प्राध्यापकांचे ऐकत नाही. त्याला आपोआप भरणारेच हवे होते, फक्त ते परवडत नव्हते.

ही अडचण सोडवली ती विल्यम रूगर ह्या कल्पक माणसाने. अलेक्झांडर स्टर्म नावाच्या मित्राने पन्नास हजार डॉलर भांडवल घातले आणि १९४९ साली कनेक्टिकटमधल्या साउथपोर्ट गावी दोघांनी कारखाना काढला. दिसायला पिस्तूल जर्मन लूगरसारखे, पण आतली रचना जपानी नाम्बू पिस्तुलावरून सुचलेली. खरी हुशारी मुठीत होती. इतर कारखाने पोलादाचा ठोकळा कोरून मूठ करीत. रूगरने पत्र्याचे दोन अर्धे भाग साच्यात दाबले आणि एकमेकांना जोडून टाकले, आपल्याकडे शेंगेची दोन टरफले जुळवावीत तसे. वरचा भाग म्हणजे साधी गोल नळी. किंमत साडेसदतीस डॉलर! स्वस्त वस्तू तकलादू असायची, हा लोकांचा अनुभव. हे पिस्तूल मात्र नेमके निघाले आणि टिकलेही. दोष एकच. साफसफाईसाठी उघडले की पुन्हा जोडताना भलेभले घामाघूम होत.

वजन सुमारे एक किलो. पुढची-मागची माशी पक्की बसवलेली, म्हणजे नेम बारकाईने जुळवण्याची सोय नाही. मन लावून शिकणाऱ्याला ही सोय हवी असते, आणि १९५१ मध्ये तिच्यासह निराळा नमुना निघाला. त्याच वर्षी स्टर्म वारला, ऐन तारुण्यात. पिस्तुलाच्या मुठीवर लाल गरुडाची खूण असे. मित्राच्या शोकात रूगरने ती काळी केली. सुरुवातीला ही पिस्तुले लोक टपालाने मागवीत. १९६८ च्या कायद्याने ते बंद झाले.

सरावाने काय होते ते हंगेरीच्या कारोली टाकाच ह्याच्याकडे पाहून कळते. हा फौजेतला नेमबाज. १९३८ साली हातबॉम्ब फुटून त्याचा उजवा हात निकामी झाला. त्याने कुणाला न सांगता डाव्या हाताने सराव आरंभला, आणि १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये पिस्तुलाच्या जलद गोळीबारात सुवर्णपदक घेतले. १९५२ मध्ये हेलसिंकीला पुन्हा तेच. त्या स्पर्धेचे पिस्तूलही बावीस नंबरचेच.

आणि आपल्याकडे? कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत पंचवीस मीटर पिस्तुलात सुवर्ण मिळवले. त्याच जिल्ह्यातल्या राधानगरी तालुक्यात कांबळवाडी आहे. तिथल्या स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकमध्ये रायफलीत कांस्यपदक आणले. दोघांचेही काडतूस हेच, १८८७ चे. फरक इतकाच की, स्पर्धेच्या दर्जाची चांगली काडतुसे आपल्याला परदेशातून आणवावी लागतात. ज्या गोळीची सारी थोरवी तिच्या स्वस्ताईत, ती खेड्यातल्या पोराच्या हाती येईपर्यंत स्वस्त राहत नाही. आमच्या वाट्याला पाचच का यायच्या, ह्याचा थोडाफार उलगडा मला इतक्या वर्षांनी झाला.