श्रीलंकेचा किनारा : सर्फिंगची ठिकाणे आणि लाटा

हिंदी महासागरातील श्रीलंका बेटाचा नैर्ऋत्य, दक्षिण आणि आग्नेय किनारा सर्फिंगसाठी जगभर ओळखला जातो. हिक्कडुवा, अहंगम, मिडिगम, वेलिगम, मिरिस्स आणि हिरिकेटिय ही नैर्ऋत्य व दक्षिण बाजूची प्रमुख ठिकाणे, तर अरुगम बे, पोत्तुविल, पनामा आणि ओकंडा ही पूर्वेकडची. समुद्राचे पाणी वर्षभर उबदार असते, त्यामुळे थंड प्रदेशांतल्यासारखा रबरी पोशाख इथे लागत नाही.

लाटांचा उगम : या किनाऱ्यावर फुटणारी चांगली लाट बहुतेक वेळा स्थानिक वाऱ्याची नसते. दक्षिण गोलार्धात ४० ते ६० अंश अक्षांशांच्या पट्ट्यात सतत वादळे घोंघावतात, तिथे ती जन्मते. श्रीलंकेचे दक्षिण टोक असलेल्या दोंड्रा भूशिरापासून सरळ दक्षिणेला निघाले, तर अंटार्क्टिकापर्यंत मध्ये कुठेही जमीन लागत नाही. एवढ्या मोकळ्या पाण्यावरून येताना आखूड, विस्कळीत लाटा वाटेतच विरतात आणि लांब लाटांच्या रांगा पुढे सरकत राहतात. अशा लाटांना सर्फर ‘स्वेल’ म्हणतात. एका लाटेमागून दुसरी येण्यास १४ सेकंद लागत असतील, तर खोल पाण्यात त्या दोघींमधले अंतर सुमारे ३०० मीटर असते आणि त्यांचा समूह तासाला सुमारे ३९ किमी वेगाने प्रवास करतो. सहा हजार किमीची मजल मारायला त्यांना सहा दिवसांहून थोडा अधिक वेळ लागतो. म्हणूनच आठवडाभर आधी अंदाज बांधता येतो.

इतकी लांब लाट दीडशे मीटर खोलीपासूनच तळाशी घासू लागते. श्रीलंकेभोवतीची समुद्रबूड जमीन सरासरी २० किमीच्या आसपास, म्हणजे फारच अरुंद आहे. लाटेचा जोर त्यामुळे टिकून राहतो. कोकणाशी तुलना केली की हे चटकन लक्षात येते. मुंबईसमोर ही उथळ पायरी दोनशे किमीहून अधिक पसरली आहे. तीवरून येताना लाटेची बरीच ताकद खर्च होते. शिवाय मुंबईला उधाणाच्या दिवशी भरती-ओहोटीत चार मीटरहून अधिक फरक पडतो, म्हणजे लाट फुटण्याची जागा तासातासाला बदलते. श्रीलंकेत हा फरक पाऊण मीटरही नसतो. चांगली जागा दिवसभर जवळपास चांगलीच राहते. हेच दक्षिणी स्वेल कधी कधी केरळच्या किनाऱ्यावर वारा नसतानाही पाणी वस्तीत शिरवतात. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था त्यांचे इशारे देते, आणि कोकणातल्या मच्छीमारांनाही ते इशारे मिळतात.

ऋतू : स्वेल वर्षभर येतच असतो; लाटेचा आकार टिकतो की मोडतो, हे वारा ठरवतो. जमिनीकडून वाहणारा वारा लाटेचे तोंड उभे आणि गुळगुळीत ठेवतो, समुद्राकडून येणारा ते चिरडून फेस करतो. मे ते सप्टेंबर नैर्ऋत्य मोसमी वारे वाहतात. त्या काळात हिक्कडुवा-वेलिगमची बाजू खवळलेली असते. पूर्व किनाऱ्यावर मात्र तोच वारा जमिनीवरून येतो, आणि पाऊस डोंगराळ मध्यभागी व नैर्ऋत्य उतारावर पडून गेल्यामुळे आकाशही कोरडे असते. नोव्हेंबरपासून ईशान्य मोसमी वारे सुरू झाले की पारडे फिरते आणि एप्रिलपर्यंत नैर्ऋत्य किनारा उत्तम होतो. एक सूक्ष्म फरक अनेक प्रवासवर्णनांत सुटून जातो : दक्षिण गोलार्धातली वादळे तिथल्या हिवाळ्यात, म्हणजे आपल्या पावसाळ्याच्या महिन्यांत, सर्वांत जोरकस असतात. म्हणून पूर्वेचा हंगाम ताकदीचा आणि नैर्ऋत्येचा तुलनेने सौम्य. नवशिक्यांच्या शाळा वेलिगमला इतक्या वाढल्या, याचे एक कारण हेच.

दोन्ही किनाऱ्यांवर पहाट सर्वांत चांगली. रात्रीच्या मतलई वाऱ्यांचा परिणाम सकाळपर्यंत टिकतो. दुपारी खारे वारे सुटले की पाणी खरखरीत होते.

पूर्व किनारा : कोलंबोपासून रस्त्याने सुमारे ३२० किमीवर, अंपारा जिल्ह्यात अरुगम बे आहे. जवळचे गाव पोत्तुविल. वस्ती प्रामुख्याने तमिळ बोलणाऱ्या मुस्लिमांची. इथल्या मुख्य भूशिरावर, म्हणजे ‘मेन पॉइंट’वर, फुटणारी लाट बेटावरची सर्वांत प्रसिद्ध लाट आहे, आणि ही कीर्ती रास्त आहे. दक्षिणेकडून आलेला स्वेल भूशिराच्या टोकापाशी उथळ पाण्यात मंदावतो, त्याचा बाहेरचा भाग मात्र खोल पाण्यात वेगात असतो. परिणामी लाटेची अख्खी रांग भूशिराभोवती वळते आणि टोकाकडून उपसागराच्या आत क्रमाक्रमाने फुटत जाते. यालाच लाटेचे अपवर्तन म्हणतात. किनाऱ्याकडे तोंड केलेल्या सर्फरच्या उजव्या हाताला उत्तर येते आणि लाटही त्याच बाजूला उलगडते. पूर्व किनाऱ्यावरच्या जवळजवळ सगळ्या नामांकित लाटा ‘उजव्या’ आहेत, त्या यामुळे. चांगल्या दिवशी एकाच लाटेवर काही शे मीटर जाता येते. लाटेची उंची सहसा एक ते दोन मीटर. तळ खडक व वाळू असा मिश्र. आतल्या बाजूला ‘बेबी पॉइंट’वर शिकणाऱ्यांची गर्दी असते.

उत्तरेला व्हिस्की पॉइंट आणि पोत्तुविल पॉइंट. पोत्तुविलच्या लाटेसमोर लांबच लांब पुळण आणि मोठमोठे खडक आहेत; गर्दी कमी. दक्षिणेला एलिफंट रॉक, क्रोकोडाइल रॉक, पीनट फार्म आणि पनामा. यांतली प्राण्यांची नावे उगाच पडलेली नाहीत : आसपासच्या खारकच्छांत मगरी आहेत आणि संध्याकाळी हत्ती झुडपांतून बाहेर येतात, त्यामुळे अंधार पडण्याआधी परतणे शहाणपणाचे. आणखी दक्षिणेला, कुमना राष्ट्रीय उद्यानाच्या वेशीवर ओकंडा आहे. तिथे मुरुगनाचे प्राचीन मंदिर आहे. जाफन्याहून कतरगमला पायी निघालेले यात्रेकरू इथे विसावून जंगलात शिरतात, आणि त्यांचा काळ नेमका सर्फिंगच्या हंगामात येतो. एकाच पुळणीवर भस्म लावलेले यात्रेकरू आणि फळी बगलेत धरलेले सर्फर दिसतात. या किनाऱ्यावरचे इतके सुंदर दृश्य दुसरे नसेल.

नैर्ऋत्य व दक्षिण किनारा : हिक्कडुवा कोलंबोपासून सुमारे १०० किमीवर असून १९७० च्या दशकापासून परदेशी सर्फर इथे येत आहेत. मुख्य लाट प्रवाळखडकावर फुटते. पुढे अहंगमच्या कबलाना किनाऱ्यावर दोन्ही बाजूंना उलगडणारी जोरदार लाट आहे. मिडिगमला काही मिनिटांच्या अंतरात संथ डावी, संथ उजवी आणि ‘रॅम्स’ नावाची धारदार, उथळ खडकावरची लाट अशी तीन वेगळी रूपे पाहायला मिळतात. रॅम्स अनुभवी लोकांनीच घ्यावी. वेलिगमचा उपसागर रुंद आणि वाळूच्या तळाचा, पडले तरी इजा कमी. हिरिकेटिय ही घोड्याच्या नालेच्या आकाराची लहानशी खाडी. अलीकडे तिथे फारच गर्दी होते.

प्रवाळ आणि त्सुनामी : या बाजूच्या बहुतेक लाटा प्रवाळखडकांनी घडवल्या आहेत, त्यामुळे प्रवाळाचे नुकसान म्हणजे लाटेचेही नुकसान. चुन्यासाठी इथे पिढ्यान्‌पिढ्या प्रवाळ खणले गेले. १९९८ मध्ये समुद्र तापल्याने हिक्कडुवाचे जिवंत प्रवाळ मोठ्या प्रमाणात पांढरे पडून मेले. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत प्रवाळ खणण्याची भयंकर किंमत दिसली. हिक्कडुवाजवळच्या पेरालिय इथे प्रवासी रेल्वेगाडी लाटेत सापडून दीड हजाराहून अधिक माणसे गेली, तर जवळच, प्रवाळखडक शाबूत असलेल्या हिक्कडुवात पाणी तुलनेने कमी आत शिरले. खडक उकरलेल्या जागांमधून पाणी जास्त आत घुसल्याचे पाहणीत आढळले. अरुगम बे गावही त्या दिवशी उद्ध्वस्त झाले. त्यात २००९ पर्यंत चाललेले यादवी युद्ध. पूर्व किनारा खऱ्या अर्थाने खुला झाला तो त्यानंतरच.

स्थानिक लोक : आज प्रशिक्षक, फळ्या दुरुस्त करणारे आणि स्पर्धक बहुतांशी गावांतलेच, अनेकदा मच्छीमार घरांतले आहेत. मुली पाण्यात उतरणे दीर्घकाळ रूढीला धरून नव्हते. २०१८ मध्ये अरुगम बेमध्ये देशातला पहिला फक्त स्त्रियांचा सर्फ क्लब स्थापन झाला, ही इथली अलीकडची सर्वांत महत्त्वाची घटना म्हणावी लागेल. अरुगम बेच्या पुळणीवर मासेमारीच्या होड्याही लागतात. त्यांच्या येण्याजाण्याच्या वाटेत फळी घेऊन बसू नये. लाट चुकली तर दुसरी येते, होडीला मात्र ऐन वेळी वळता येत नाही.