एक्सेटरचं चालू खातं

माणसाची पारख पत्रिकेवरून करू नये, पासबुकावरून करावी, असं वीस वर्षं बँकेत खर्डेघाशी केल्यावर माझं ठाम मत झालं आहे. गुरू कितव्या घरात बसलाय, यावर दोन ज्योतिष्यांची तीन मतं पडतात. पण महिन्याच्या पंचवीस तारखेला खात्यात शिल्लक किती, यावर दुमत होऊच शकत नाही. संस्थांचंही तेच. म्हणून इतिहासाची पुस्तकं वाचताना माझी पंचाईत होते. अमक्या राजानं तमका किल्ला घेतला, इथवर ठीक. पण दारूगोळ्याचं बिल कुणी चुकतं केलं, हे इतिहासकार सांगतच नाहीत. तेव्हा म्हटलं, एखादा इतिहास आपणच लिहावा. रणांगणाच्या बाजूनं नव्हे, कॅशबुकाच्या बाजूनं.

विषय घेतलाय इंग्लंडमधल्या एका रग्बी क्लबाचा. बी.कॉम. झालेल्या माणसाचा रग्बीशी संबंध काय, असं आमच्या हेडकॅशियरनी विचारलंच. "तुम्हाला कबड्डी तरी येते का हो?" म्हणाले. मी म्हटलं, "साहेब, मला नांगर धरता येत नाही, तरी पीककर्जाचे फॉर्म मीच तपासतो ना?" त्यावर त्यांनी मुकाट्यानं नोटा मोजायला घेतल्या.

रग्बी म्हणजे दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा दांडगी माणसं, नारळाच्या घाटाचा एक चेंडू आणि भरपूर चिखल. नियम पुष्कळ आहेत, पण मुख्य एकच : आपण पुढं जायचं आणि चेंडू मात्र हातानं मागच्याकडेच द्यायचा. ज्यानं कचेरीत फाइल हलताना पाहिली आहे, त्याला हा खेळ निराळा समजावून सांगायला नको.

या खेळाचं आणि पैशाचं शंभर वर्षं सोवळंओवळं होतं. उत्तर इंग्लंडातले खेळाडू गिरण्यांत आणि खाणींत राबणारे. शनिवारी खेळायला गेले की मजुरी बुडायची. निदान तेवढी भरून द्या, असं त्यांचे क्लब म्हणाले. दक्षिणेकडच्या, पोटापाण्याची ददात नसलेल्या मंडळींना ते ऐकूनच विटाळ झाला. खेळायचे पैसे? शिव शिव! अखेर २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेकडचे क्लब जमले आणि त्यांनी वेगळी चूल मांडली. ती पुढं रग्बी लीग झाली. उरलेल्या रग्बी युनियननं आपलं सोवळं आणखी शंभर वर्षं सांभाळलं आणि २६ ऑगस्ट १९९५ रोजी पॅरिसच्या बैठकीत ते फेडलं. आता खेळाडूला उघड पगार देता येऊ लागला. 'उघड' हा शब्द महत्त्वाचा. त्याआधी काही खेळाडूंना सामन्यानंतर आपल्या बुटात पैसे सापडायचे. त्याला तिकडं 'बूट मनी' असं भारदस्त नाव होतं. आपल्याकडं बूट देवळाबाहेर काढले तर सापडत नाहीत, पैशांची गोष्ट दूरच.

सोवळं सुटल्याबरोबर लक्ष्मीपुत्र धावत आले. लंडनच्या रिचमंड क्लबात एकानं १९९६ मध्ये थैली मोकळी सोडली आणि १९९९ मध्ये तिचं तोंड आवळलं. क्लबाचा व्यावसायिक संघ दुसऱ्या क्लबात विलीन करून टाकावा लागला. आमच्या भाषेत याला 'एकाच ठेवीदारावर चालणारी शाखा' म्हणतात. ठेवीदाराला शिंक आली की मॅनेजरला न्यूमोनिया.

अशा दिवसांत इंग्लंडच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात, डेव्हन परगण्यात, एक्सेटर नावाच्या गावी एक क्लब आपल्या बेतानं जगत होता. कथीड्रलचं जुनं शहर, भोवती हिरवी कुरणं आणि गाईगुरं. क्लब १८७१ चा, म्हणजे वयानं आजोबा. त्याचं काउंटी ग्राउंड नावाचं मैदानही नामांकित. न्यूझीलंडचा संघ १९०५ च्या दौऱ्यातला पहिला सामना तिथंच खेळला आणि त्यानं डेव्हनला ५५-४ असं धुतलं. तारेनं आलेला हा आकडा खरा मानायला काही वर्तमानपत्रांच्या कचेऱ्या तयार होईनात. एक पाच चुकून जास्त पडला असणार, असं त्यांना वाटलं म्हणतात. कारकून सगळीकडे सारखेच.

पण नाव मोठं आणि लक्षण खोटं. मैदानाभोवती कुत्र्यांच्या आणि मोटारसायकलींच्या शर्यतींचा गोल रस्ता, त्यामुळं प्रेक्षक एकीकडं आणि खेळ दुसरीकडं. क्लब १९९७ मध्ये दुसऱ्या श्रेणीत चढला आणि तेरा वर्षं तिथंच राहिला. आमच्याकडं यालाच 'स्टॅग्नेशन' म्हणतात आणि युनियनचे लोक त्यावर निवेदनं देतात. एक्सेटरनं निवेदन दिलं नाही. टेलिफोन यंत्रणेचा धंदा करणारे टोनी रो नावाचे गृहस्थ क्लबाचा कारभार बघत होते. त्यांनी आणि सभासदांनी गावातलं जुनं मैदान घरं बांधायला विकलं आणि आलेल्या पैशांतून शहराच्या कडेला, हमरस्त्याशेजारी, सँडी पार्क हे नवं मैदान उभं केलं. साल २००६.

खरी गोम पुढंच आहे. या मैदानाच्या इमारतीत त्यांनी सभा-समारंभांसाठी मोठी दालनं बांधली. कारण हिशेब सरळ होता. रग्बीचे घरचे सामने वर्षातून पंधरा-वीस, उरलेले साडेतीनशे दिवस मैदान गवत वाढवणार. गवताला व्याज मिळत नाही. पण परिषदा, मेजवान्या आणि लग्नं मात्र बारा महिने चालतात. थोडक्यात, एक्सेटरनं रग्बीच्या मैदानाला मंगल कार्यालय जोडलं! पुढं कित्येक वर्षं इंग्लंडच्या वरच्या श्रेणीत बहुतेक क्लब तोट्यात असताना एक्सेटर नफा दाखवीत होता, त्यामागं या दालनांचा हात मोठा होता.

आता खेळाडूंकडं वळू, नाहीतर तुम्ही म्हणाल, हा माणूस ताळेबंद वाचून दाखवतोय. २००९ मध्ये संघाची सूत्रं रॉब बॅक्स्टर यांच्याकडं आली. हा डेव्हनच्या शेतकऱ्याचा मुलगा. बाप याच क्लबातून खेळलेला, भाऊ खेळत असलेला आणि स्वतः वर्षानुवर्षं कप्तान. म्हणजे शिपाई म्हणून लागून मॅनेजर झालेला माणूस. कुठली खुर्ची डगमगते ते त्याला पाठ. पहिल्याच वर्षी त्यानं संघाला वरच्या श्रेणीच्या उंबरठ्यावर आणलं. निर्णायक लढत दोन सामन्यांची, ब्रिस्टलशी. घरचा सामना ९-६ असा जेमतेम जिंकला. २६ मे २०१० रोजी ब्रिस्टलच्या मैदानावर परतीचा सामना झाला आणि आता एक्सेटर आपटणार असं वाटत असताना गॅरेथ स्टीनसन या आयरिश गड्यानं एकट्याच्या लाथेवर २४ गुण काढले. निकाल २९-१०. वरच्या श्रेणीतला पहिला सामना सप्टेंबरात सँडी पार्कवर ग्लॉस्टरशी झाला. तोही २२-१० असा जिंकला.

हे नवे पाहुणे वर्षभरात परत जातील, असं जाणकार म्हणत होते. पाहुणे आठवे आले आणि मुक्काम ठोकून बसले. २०१७ मध्ये ट्विकनहॅमच्या अंतिम सामन्यात वॉस्प्स या बड्या क्लबाला जादा वेळेत २३-२० असं हरवून त्यांनी अजिंक्यपद घेतलं. विजयाची लाथ पुन्हा स्टीनसनचीच. २०१८ आणि २०१९ च्या अंतिम सामन्यांत मात्र सॅरासेन्सनं त्यांना हरवलं. पुढं उघडकीस आलं, की खेळाडूंच्या पगारावरची ठरलेली मर्यादा सॅरासेन्सनं त्या मोसमांत मोडली होती. दंड झाला त्रेपन्न लाख साठ हजार पौंड, गुण कापले आणि खालच्या श्रेणीत रवानगीही झाली. पदकं मात्र परत मागितली नाहीत. ऑडिट नेहमी मिरवणूक संपल्यावरच येतं, हा आमचा अनुभव तिकडंही लागू आहे.

मग आलं २०२०. १७ ऑक्टोबरला एक्सेटरनं पॅरिसच्या रेसिंग ९२ ला ३१-२७ असं हरवून युरोपचा चषक जिंकला आणि आठवड्यानं, २४ तारखेला, वॉस्प्सला १९-१३ असं नमवून इंग्लंडचाही. दहा वर्षांपूर्वी दुसऱ्या श्रेणीत असलेला क्लब युरोपात पहिला! आणि हे बघायला मैदानात कोण होतं? कोणी नाही. करोनाची साथ होती. ट्विकनहॅमच्या ब्याऐंशी हजार खुर्च्या मिटून बसल्या होत्या. तीस-तीस वर्षं पावसात भिजत कुत्र्यांच्या रस्त्यापलीकडून खेळ बघितलेली डेव्हनची म्हातारी माणसं, आयुष्यातला तो एक दिवस, घरात टीव्हीसमोर बसली होती. जमाखर्चात ही रक्कम कुठल्या रकान्यात घालावी, हे मला वीस वर्षांच्या नोकरीतही शिकवलेलं नाही.

साथीनं सगळ्यांचीच दालनं बंद पाडली. क्लबांनी सरकारी कर्जं घेतली. मग २०२२ च्या शरदात वूस्टर (स्पेलिंग बघाल तर 'वॉर्सेस्टर' म्हणाल) हा एक्सेटरच्याच वयाचा क्लब बुडाला. पाठोपाठ वॉस्प्स. दोनदा युरोप जिंकलेला क्लब, पण लंडनचा प्रदेश सोडून कव्हेंट्रीला गेला होता आणि २०१५ मध्ये साडेसहा टक्के व्याजाचे साडेतीन कोटी पौंडांचे रोखे काढून बसला होता. रोख्यांची मुदत २०२२ मध्ये भरली, पैसे नव्हते. २०२३ मध्ये लंडन आयरिशही गेला. तेरा क्लबांचे दहा राहिले.

क्लब बंद करण्याचीसुद्धा एक रीत असते आणि तिचा नमुना आपल्या देशातला आहे. कलकत्त्यात साहेबांनी १८७३ मध्ये रग्बीचा क्लब काढला. हवा मानवेना, टेनिस-पोलोचं वेड वाढलं आणि फुकटची दारू बंद झाल्यावर सभासदही आटले म्हणतात. चार-पाच वर्षांत त्यांनी क्लब गुंडाळला. पण खात्यातली शिल्लक काढली, ते चांदीचे २७० रुपये वितळवून नागाच्या मुठींचा, झाकणावर हत्ती असलेला चषक घडवला आणि इंग्लंडला भेट दिला. इंग्लंड आणि स्कॉटलंड १८७९ पासून त्याच कलकत्ता कपासाठी झुंजतात. शिल्लक दाखवून बंद झालेलं खातं असं दीडशे वर्षं चमकतं. वॉस्प्सच्या रोखेधारकांना असा कप मिळाला नाही.

आणि एक्सेटर? चढती कमान कुणाची कायम राहते? २०२४-२५ च्या मोसमात तो दहांत नववा आला. ज्या ग्लॉस्टरला हरवून २०१० मध्ये त्यानं वरच्या श्रेणीत पाऊल टाकलं होतं, त्याच ग्लॉस्टरनं एप्रिल २०२५ मध्ये त्याला ७९-१७ असं बदडलं. जुन्या तारबाबूंनी हाही आकडा दोनदा तपासला असता. पण १७ वर ७९ झाले तरी पुढच्या शनिवारी पुन्हा बूट बांधून उतरता येतं. वूस्टरच्या संघाला पुन्हा मैदानात उतरायला २०२५ चा मोसम उजाडावा लागला आणि तोही दुसऱ्या श्रेणीत. तीन वर्षं तिथल्या माणसांना शनिवारी दुपारी काय करावं कळत नव्हतं. हरलेल्या संघाला शिव्या देण्याचं सुखही त्यांच्यापाशी उरलं नव्हतं. एक्सेटरच्या माणसांना ते त्या वर्षी भरपूर मिळालं, आणि ते मिळावं म्हणून कुणीतरी वीस वर्षांपूर्वी मैदानाशेजारी मेजवानीचा हॉल बांधून ठेवला होता.