तळटीप : डिलाईल रोड

* डिलाईल रोड : लोअर परळ स्थानकालगतचा हा रस्ता दप्तरी कामगारपुढारी ना. म. जोशी यांच्या नावे दाखल असला, तरी गिरणगावात जुनेच नाव रूढ आहे. १९२० साली स्थापन झालेल्या मुंबई विकास खात्याने येथे, तसेच वरळी, नायगाव व शिवडी येथे, बांधलेल्या बी.डी.डी. चाळींत, मधल्या बोळाच्या दुतर्फा असलेल्या सुमारे १६० चौरस फुटांच्या एकेका खोलीत, कोकणातून व घाटावरून आलेले अनेक गिरणीकामगार एकत्र राहत, खाणावळीत जेवत आणि पाळी सुटली की एकाने सोडलेल्या वळकटीवर दुसरा अंग टाकीत असे. राजाबाई टॉवर व राणीची बाग अवश्य पाहावी. परंतु ज्यांच्या श्रमांवर या महानगराचे वैभव उभे राहिले, त्यांची ही वसतिस्थाने प्रवासवर्णनकारांनी वगळावीत, हे सर्वथा अनुचित होय.