मद्यपाश : कौटुंबिक व जैविक खुणा

मद्यपाशाची जन्मजात जोखीम दाखवणाऱ्या खुणा आणि प्रत्यक्ष पिण्यामुळे शरीरात उमटणाऱ्या खुणा, असे या विषयाचे दोन भाग आहेत. त्यांची गल्लत नेहमी होते. ‘त्यांच्या रक्तातच आहे’ असे नातेवाईक म्हणतात. पण लॅबमधून आणलेला रक्ताचा रिपोर्ट घराण्याविषयी काहीच सांगत नाही. त्यावर गॅमा जीटी हे यकृताचे विकर वाढलेले दिसले, तर दारूचा संशय घेता येतो इतकेच. चरबीयुक्त यकृताने किंवा फिटच्या काही गोळ्यांनीही ते वाढते. दारू थांबली की काही आठवड्यांत उतरते. तांबड्या पेशींचा आकार सांगणारा एमसीव्ही मात्र महिनोन्‌महिने चढा राहतो, कारण या पेशी सुमारे १२० दिवस जगतात. ‘महिनाभर हात लावला नाही’ या म्हणण्याची शहानिशा करताना डॉक्टर दोन्ही आकडे पाहतात.

आनुवंशिकतेचा वाटा जुळ्यांच्या अभ्यासांनुसार सुमारे ५० टक्के आहे. डेन्मार्कमध्ये डोनल्ड गुडविन यांना १९७३ साली असे आढळले, की मद्यपी जन्मदात्यांचे मुलगे लहानपणीच दत्तक गेले तरी त्यांच्यातले मद्यपाशाचे प्रमाण इतर दत्तक मुलांच्या जवळजवळ चौपट होते. मात्र ‘दारूचे जनुक’ असे एकच काही नाही. पूर्व आशियात आढळणारा एएलडीएच२ जनुकाचा एक प्रकार तर उलट संरक्षण देतो: दारू प्यायल्यावर तिच्यापासून बनणारे अ‍ॅसिटाल्डिहाइड साचते, चेहरा लाल होतो, मळमळते. व्यसनमुक्तीसाठी दिली जाणारी डायसल्फिराम ही गोळी घेणाऱ्याने दारू प्यायल्यास नेमकी हीच अवस्था येते.

‘कितीही पाजा, त्याला चढत नाही’ हे आपल्याकडे कौतुकाने सांगितले जाते. अमेरिकेतील मार्क शुकिट यांच्या दीर्घ पाठपुराव्यात मात्र अशा तरुणांनाच पुढे मद्यपाशाचा धोका अधिक दिसला.

मेंदूतील खूण याहून सूक्ष्म. अनपेक्षित आवाज किंवा चित्र आल्यावर साधारण ३०० मिलिसेकंदांनी उठणारी पी३०० ही विद्युतलहर मद्यपींच्या मुलांत, त्यांनी दारू चाखलेली नसतानाही, खुजी असते, हे हेन्री बेग्लायटर यांनी १९८४ मध्ये दाखवले. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेत विवेक बेनेगल व सहकाऱ्यांनी १९९५ साली मद्यपींच्या जवळच्या पुरुष नातेवाइकांची हीच लहर मोजली. कौटुंबिक जोखीम जितकी जास्त, तितकी ती बुटकी. कोण मद्यपाशात सापडेल हे सांगणारी जनुकचाचणी आजही नाही. म्हणून व्यसनमुक्तीच्या उपचारात वडील, काका, मामा, आजोबा यांपैकी कोण पीत होते, हे विचारून घेतले जाते.