वर्कशॉपमधला शेरलॉक

1942मध्ये अमेरिकी लष्कराने विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसन शहरात पत्रद्वारा शिक्षणाची संस्था काढली. शिपाई असेल तिथे टपालाने धडे जायचे. सोय मोठी होती, पण धडा सगळ्यांना एकच. कोण कुठे अडला, हे टपालाला काय कळणार?

शिकणाऱ्याचा वेग पाहून पुढे सरकणारा धडा आला तो कॉम्प्युटरबरोबर. 1960मध्ये इलिनॉय विद्यापीठात डोनाल्ड बिट्झर यांनी ‘प्लेटो’ ही कॉम्प्युटरवरून शिकवणारी यंत्रणा उभी केली. त्यामागे तिन्ही सैन्यदलांचा पैसा होता. 1970च्या दशकात टेलिफोनच्या तारेवरून प्लेटोचे धडे लष्करी तळांवरही पोचले.

पण अवघड कसब शिकवण्याची खरी परीक्षा झाली ती अमेरिकी हवाई दलाच्या एफ-15 लढाऊ विमानांच्या वर्कशॉपमध्ये. विमानातला इलेक्ट्रॉनिक डबा बिघडला, की तो काढून एका अवाढव्य चाचणी यंत्राला जोडायचा. कधी कधी मात्र डबा ठणठणीत असायचा आणि चाचणी यंत्रच आजारी! असला बिघाड क्वचित व्हायचा, आणि झाला की जुनेजाणते पुढे सरसावायचे. नवखा पोरगा पाने-पकडी देत बाजूला उभा. मग तो शिकणार कधी?

यावर 1980च्या दशकात पिट्सबर्ग विद्यापीठातल्या ॲलन लेसगोल्ड आणि सहकाऱ्यांनी हवाई दलासाठी ‘शेरलॉक’ हा शिकवणारा प्रोग्रॅम रचला. त्याआधी त्यांनी मुरलेल्या तंत्रज्ञांना बोलतं केलं: आधी काय तपासता, का तपासता, शंका कुठे येते? श्रेय द्यायचं तर प्रोग्रॅमपेक्षा या चौकशीला द्यावं. शेरलॉक पडद्यावर एकेक दुर्मीळ बिघाड मांडायचा आणि गप्प बसायचा. मदत मागितली तरच द्यायची, तीही आधी चिमूटभर. गाडी अडलीच तर थोडी अधिक. पुढच्या आवृत्तीत तर काम संपल्यावर शिकाऊ मुलाची पावलं आणि उस्तादाची पावलं शेजारी ठेवून पाहता येत. शेरलॉकवर 20 ते 25 तास घालवलेले तंत्रज्ञ बिघाड शोधण्यात सुमारे 4 वर्षांच्या अनुभवाइतकी मजल मारू लागले.

जाणत्यांकडून शिकून प्रोग्रॅम घडवायची हीच रीत पुढे अमेरिकी संरक्षण खात्याच्या ‘डार्पा’ या संशोधन संस्थेने नौदलासाठी वापरली. आधी निवडक शिक्षकांनी एकेका खलाशाला समोर बसवून कॉम्प्युटर-दुरुस्ती शिकवली, आणि त्यांच्या शिकवण्यावरून ‘डिजिटल ट्यूटर’ घडला. त्यावर 16 आठवडे शिकलेल्या नवख्यांनी बिघाड शोधण्याच्या परीक्षेत सरासरी 9 वर्षांहून अधिक अनुभव असलेल्या खलाशांना मागे टाकलं.