उस्मानियाची दोन स्थित्यंतरे आणि विस्मृत अध्यापक

हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाचा शताब्दी-उत्सव २०१७ साली सुरू झाला. अशा उत्सवांत वास्तूंचे आणि कुलगुरूंचे स्मरण होते, आणि ते योग्यही आहे. १९३९ च्या डिसेंबरात उद्‌घाटित झालेली कला महाविद्यालयाची ग्रॅनाइटची वास्तू पाहिली म्हणजे कोणाचेही मन आदराने भरून यावे. परंतु ज्यांनी या विद्यापीठात वर्षानुवर्षे वर्गात उभे राहून शिकवले किंवा मेजाशी बसून ग्रंथ भाषांतरिले, त्यांच्या श्रमांची नोंद दोनदा पुसली गेली. एकदा विद्यापीठाची भाषा बदलली तेव्हा, आणि दुसऱ्यांदा राज्याची सीमा बदलली तेव्हा. या दोन स्थित्यंतरांचा विचार आम्हांस येथे करावयाचा आहे.

अकबर हैदरी यांच्या निवेदनावरून निजाम मीर उस्मान अली खान यांनी २६ एप्रिल १९१७ रोजी विद्यापीठ-स्थापनेचे फर्मान काढले, आणि १९१९ च्या ऑगस्टमध्ये अध्यापनास आरंभ झाला. सर्वोच्च शिक्षण हिंदी भाषेतून, म्हणजे येथे उर्दूतून, देण्याचा हा प्रयोग हिंदुस्थानात अपूर्व होता. कलकत्ता, मुंबई, मद्रास येथील विद्यापीठे इंग्रजीच्या बाहेर पाऊल टाकण्यास धजली नव्हती. मात्र उर्दूतून रसायन किंवा अर्थशास्त्र शिकवावयाचे तर पुस्तके कोठून आणावयाची? त्यासाठी भाषांतर-विभाग, म्हणजे ‘दारुल तर्जुमा’, प्रथम उभा राहिला आणि मौलवी अब्दुल हक त्याचे प्रमुख झाले. ‘उमराव जान अदा’चे कर्ते मिर्झा हादी रुसवा, कवी जोश मलीहाबादी, नज्म तबातबाई असे नामांकित लोक तेथे काम करून गेले. तीनशेहून अधिक ग्रंथ या विभागाने उर्दूत आणले.

या कामातला खरा कष्टाचा भाग परिभाषेचा होता. वहीदुद्दीन सलीम यांनी १९२१ च्या सुमारास ‘वज्‌अ-ए-इस्तिलाहात’ हा परिभाषा घडविण्याचे शास्त्र सांगणारा ग्रंथ लिहिला. उर्दूने प्रत्येक शब्द अरबी धातूंवरून पाडण्याचा अट्टहास सोडावा, हिंदी घटक आणि समासाची देशी पद्धतीही वापरावी, असा त्यांचा आग्रह होता. मराठी वाचकांस हा वाद अपरिचित नाही. १९६२ साली महाराष्ट्र शासनाचा पदनाम कोश निघाला तेव्हा त्यास ‘बदनाम कोश’ म्हणून हिणवण्यात आले. संस्कृत शब्दांच्या गर्दीवर टीका करणाऱ्यांपैकी कितीजणांस ठाऊक होते की हाच प्रश्न चाळीस वर्षांपूर्वी हैदराबादेत एका उर्दू अध्यापकाने इतक्या सूक्ष्मपणे मांडला होता? उस्मानियाच्या प्रयोगातून मराठीने घेण्यासारखे पुष्कळ होते. आपण ते घेतले नाही, याचा दोष आमच्या मते दोन्ही बाजूंकडे जातो.

कारण दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. निजामी राज्यात बहुसंख्य प्रजेच्या भाषा तेलुगू, मराठी आणि कानडी होत्या. परभणीच्या किंवा बीडच्या मुलास इंग्रजीइतकीच उर्दूही परकी होती. मराठी आणि तेलुगू हे विषय विद्यापीठात होते, रायप्रोलु सुब्बाराव यांच्यासारखा कवी तेलुगूचा अध्यापक होता. पण भूगोल किंवा गणित या भाषांतून शिकण्याची सोय नव्हती. १९३८ साली वसतिगृहांत ‘वंदे मातरम्’ म्हणणाऱ्या विद्यार्थ्यांस विद्यापीठाने काढून टाकले आणि नागपूर विद्यापीठाने त्यांना जवळ केले. त्यांत पामुलपर्ती व्यंकट नरसिंह राव हे होते, ज्यांनी पुढे हरिभाऊ आपट्यांची कादंबरी तेलुगूत नेली. त्याच वर्षी उस्मानियाने रवींद्रनाथ ठाकुरांस सन्मान्य पदवी दिली! एका हाताने कवीचा गौरव आणि दुसऱ्या हाताने त्याच्या समकालीन गीतासाठी मुलांची हकालपट्टी, असे ते वर्ष होते.

१९४८ च्या सप्टेंबरात पोलीस कारवाई झाली. कुलगुरुपदावर नबाब अली यावर जंग पुन्हा आले. हेच गृहस्थ १९७१ ते १९७६ या काळात महाराष्ट्राचे राज्यपाल होते. लवकरच उर्दू माध्यम गेले, इंग्रजी आले आणि शिक्क्यावरील निजामाचा मुकुटही गेला. माध्यम बदलणे अपरिहार्य होते, याविषयी आमच्या मनात संशय नाही. परंतु शाळेत मुख्याध्यापकी करणाऱ्या माणसास अशा निर्णयाचा अर्थ निराळा जाणवतो. परिपत्रक एका पानाचे असते. ते वर्गात उतरते तेव्हा वीस वर्षे एका भाषेत शिकवून पिकलेला शिक्षक नवशिक्यासारखा खडू हातात धरून उभा राहतो. त्याची टिपणे निरुपयोगी ठरतात, त्याने घडविलेले शब्द कोणी उच्चारीत नाही, आणि नव्या व्यवस्थेत त्याच्या जुन्या कामास कोणत्याही रकान्यात जागा नसते. दारुल तर्जुमाचे असेच झाले. तीन दशकांचे काम एका पिढीच्या आतच संग्रहातील वस्तू बनले.

काही मोठी माणसे निघून गेली. लाइप्‌झिग येथे हायझेनबर्गच्या हाताखाली शिकून आलेले आणि याच विद्यापीठाचे पदवीधर असलेले गणिती रजीउद्दीन सिद्दीकी पाकिस्तानात गेले. मुहम्मद हमीदुल्ला पॅरिसला स्थायिक झाले. इतिहासाचे अध्यापक हारून खान शेरवानी मात्र राहिले. बहामनी आणि कुतुबशाही राजवटींवर त्यांनी इंग्रजीत लिहिले, आणि १९६९ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. मध्ययुगीन दख्खनच्या इतिहासाचे दोन खंड त्यांनी पु. म. जोशी यांच्यासमवेत संपादिले. उर्दूतून शिकविणाऱ्या विद्यापीठातील इतिहासकार आणि मुंबईच्या दप्तरखान्यात काम केलेला मराठी संशोधक यांचे हे सहकार्य आम्हांस फार मोलाचे वाटते, आणि आमच्या पाठ्यपुस्तकांत त्याचा उल्लेख नसावा याचा खेद होतो.

मराठीपुरते पाहिले तर माध्यमबदलानंतरची सात-आठ वर्षे आशादायक होती. १९५० साली डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादेत आणि स्वामी रामानंद तीर्थांच्या पुढाकाराने नांदेडात महाविद्यालय निघाले. दोन्ही उस्मानियाशी संलग्न होती. १२ जानेवारी १९५३ रोजी उस्मानियाने डॉ. आंबेडकरांस डी. लिट. ही पदवी अर्पण केली. या काळात मराठी विभागात डॉ. ना. गो. नांदापूरकर होते. मुक्तेश्वर आणि मोरोपंत यांच्या भारतांची तुलना करणारा ‘मुक्त-मयूरांची भारते’ हा त्यांचा ग्रंथ जुन्या काव्याच्या अभ्यासकास आजही चुकविता येत नाही. त्यांचे भाचे नरहर कुरुंदकर हैदराबादेत शिकावयास राहिले, इंटरच्या परीक्षेत अडखळले, पण मामांच्या घरी वाचनाची जी दीक्षा मिळाली ती कोणत्या प्रमाणपत्रावर लिहिली गेली असती?

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली. औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड आणि उस्मानाबाद हे पाच जिल्हे मुंबई राज्यात गेले. २३ ऑगस्ट १९५८ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते औरंगाबादेत मराठवाडा विद्यापीठाचे उद्‌घाटन झाले आणि तेथील महाविद्यालये उस्मानियाची उरली नाहीत. मराठवाड्यास न्याय मिळाला. तो आनंदाचा दिवस होता. हैदराबादच्या मराठी विभागाचे मात्र सारे स्वाभाविक क्षेत्र त्यामुळे तुटले. जे विद्यार्थी पूर्वी गोदेकाठाहून येत ते आता औरंगाबादेस जाऊ लागले. पुढच्याच वर्षी नांदापूरकर वारले. मराठवाड्याच्या सत्कारसमारंभांत हैदराबादचे अध्यापक परराज्यातले ठरले आणि आंध्रच्या समारंभांत परभाषेचे.

तरीही विभाग बंद पडला नाही. डॉ. श्री. रं. कुलकर्णी यांनी तो पुढे चालविला, आणि मोजक्या विद्यार्थ्यांच्या त्या विभागात बसून प्राचीन मराठी गद्याच्या प्रेरणा आणि परंपरा यांवर त्यांनी आपला ग्रंथ सिद्ध केला.